कपिल्यांच्या गळ्यातली कार्डं

“बोलू नकोस! एक अक्षर बोलू नकोस!”

मी अजून अंगणातच होते. अप्पा ओसरीवरच्या झोपाळ्यातून ताडकन उठले, दोन्ही कानांवर हात दाबले आणि माजघरात पळाले. साठी उलटलेला माणूस, कपिलघाटाच्या उपाध्ये मंडळाचा अध्यक्ष, आणि पळाला कसा, तर अंगावर गाय धावून आल्यासारखा.

“अप्पा, अहो, बयोकाकू...”

“श्रीपाद! रामरक्षा म्हण! मोठ्यानं म्हण!” आतून हुकूम आला.

श्रीपाद म्हणजे अप्पांचा मुलगा, माझा चुलत दीर. तो दाढी करत होता. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून त्यानं असा काही सूर लावला, की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मी ओरडले तरी माझं मलाच ऐकू येईना. शेवटी तुळशीपाशी कपाळाला हात लावून उभी राहिले. काकू तिकडे तिच्या खोलीत थंडगार पडली होती, आणि ही मेली वेदशास्त्रसंपन्न मंडळी इकडे कान झाकून बसली होती.

आता यात गोम काय ती सांगते. बयोकाकू म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावाची बायको. विधवा, पोटी मूल नाही. ती गेली म्हटल्यावर साऱ्या कपिले भावकीला दहा दिवसांचं सुतक. सुतकात देवाला शिवायचं नाही, कुणाचं श्राद्ध लावायचं नाही, हातात दर्भ धरायचा नाही. आणि काकूनं मरायला दिवस कोणता निवडावा? सर्वपित्री अमावास्या दोन दिवसांवर! पितृपक्षाचा कळस. गावात मुंगीला शिरायला जागा नाही, धर्मशाळा भरल्या, लोक आपापले बाप-आजे घेऊन दारात उभे, आणि घाटावर बसायचा हक्क फक्त कपिल्यांचा.

पण शास्त्रात एक खिडकी आहे. सुतक लागतं ते बातमी ऐकल्यावर. कानावर आलंच नाही, तर लागत नाही. ते वचन परगावच्या नातेवाइकांसाठी आहे हो. मुंबईला असलेल्या पुतण्याला तार उशिरा मिळाली तर त्यानं काय करावं, यासाठी. कपिल्यांनी ते एका गल्लीत राहणाऱ्या माणसांना लावलं. मी आधी तीन घरं फिरून आले होते. कुणी दार लावून घेतलं, कुणी शंख फुंकायला घेतला. एक म्हातारा तर मला बघून बहिराच झाला. कालपर्यंत त्याला भिंतीपलीकडच्या भांड्याचा आवाज कळायचा.

बरं, एरवी या लोकांनी माझं तोंड बघायला नको म्हणून मला वाळीत टाकलेलं. मी कासाराची पोर. बाबांचं घाटाच्या तोंडाशी बांगड्यांचं दुकान. मोरेश्वर कपिले, म्हणजे आमचे हे, त्या दुकानावरून रोज घाटावर जायचे. जाता जाता थांबायला लागले, मग उगाच बांगड्यांचे भाव विचारायला लागले, घरात बाईमाणूस फक्त एक म्हातारी काकू असताना. पुढचं सांगायला नको. लग्न लागलं ते कचेरीत. अप्पा सख्खे काका, पण त्यांनी त्या दिवशी आंघोळ केली म्हणे, पुतण्या मेला म्हणून.

तरीही यांचा घाटावरचा ओटा शाबूत होता. पिंपळाखालचा, सासऱ्यांचा. आईविना पोर वाढवलं ते बयोकाकूनं, आणि सासरे गेल्यावर ओट्यावर नेऊन बसवलं तेही तिनंच. तिथं बसून हे श्राद्धं लावायचे. सावकाश, एकेक शब्द समजावून सांगत. लोक वाट बघून यांच्याकडे यायचे. हेच तर अप्पांच्या पोटात दुखत होतं.

मग त्या वर्षी निघाली कार्डं.

बसस्टँडवर कुणी तोतया गुरुजी सापडला, त्यानं एका कुटुंबाकडून लग्नाच्या मंगलाष्टकांवर पिंडदान करून घेतलं. झालं, अप्पांना निमित्त मिळालं. उपाध्यांना फोटोचं ओळखपत्र! गळ्यात निळी फीत, प्लास्टिकचं कव्हर, वर नाव, ‘कपिले कुलोत्पन्न अधिकृत उपाध्याय’ अशी ओळ, खाली अध्यक्षांची सही. घाटाच्या पायऱ्यांवर कठडा टाकला, तिथं चौकी बसवली, हवालदार शेडगे नावाचा परजिल्ह्यातला माणूस उभा केला. उघड्या अंगानं, पंचा नेसून, दर्भ घेऊन येईल त्यानं कार्ड दाखवायचं. यात्रेकरूंना मुभा.

“फोटोशी चेहरा जुळल्याशिवाय माझ्या बापालाही आत सोडायचं नाही,” अप्पांनी शेडग्यांना सगळ्यांदेखत सांगितलं.

“नाही सोडणार,” शेडगे म्हणाले. फार बोलणारा माणूस नव्हता तो, पण एकदा हो म्हटलं की हो.

फोटो तरी कसले दिले एकेकानं! श्रीपादनं लग्नातला दिला, मुंडावळ्यांसकट. एकानं गॉगल लावलेला दिला, महाबळेश्वरचा. अप्पांनी स्वतःचा दिला तो केस काळेभोर, कुरळे, मिशा पिळलेल्या, असा तरुणपणीचा. “यात चेहरा नीट येतो,” म्हणाले.

यांनीही अर्ज दिला. मंडळाच्या बैठकीत अप्पा उभे राहिले आणि म्हणाले, “मोरू आमचा कोणी लागत नाही. कपिले कुळाशी त्याचा संबंध नाही.” कुणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी घाटाच्या तोंडाशी पाटी लागली. यांचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरात: ‘या इसमाचा कपिले उपाध्यायांशी संबंध नाही. यात्रेकरूंनी सावध राहावे.’ माझ्या बापाच्या दुकानासमोर लावली मेल्यांनी. बाबा दिवसभर त्या पाटीकडे तोंड करून बांगड्या भरायचे.

हे रोज सकाळी पंचा नेसून कठड्यापाशी जायचे. शेडगे म्हणायचे, “कार्ड?” हे म्हणायचे, “नाही.” शेडगे म्हणायचे, “मग परत जा.” आणि हे परत यायचे.

“कशाला जाता रोज अपमान करून घ्यायला?” मी चिडून विचारायची.

“माझा ओटा आहे, इंदू. मी गेलो नाही तर मी तो सोडला असं होईल.”

आमच्याकडे उरली होती एकटी काकू. तिनं भावकीला कधी भीक घातली नाही. “तुझ्या हातची आमटी खाल्ल्यानं मी नरकात जाणार असेन तर डबा बरोबर दे, तिथं चांगली मिळायची नाही,” असं म्हणायची. रोज मी डबा घेऊन जायची. त्या दिवशी डबा नेला तेव्हा ती जात्यापाशी भिंतीला टेकून बसलेली होती, आणि गेलेली होती.

चारही घरांतून तशीच परत आले तेव्हा हे काकूच्या पायाशी बसले होते. मी सगळं सांगितलं. कान झाकले, रामरक्षा, शंख, सगळं. यांना हसू आलं आणि मग रडू आलं, दोन्ही एकदम.

“कोण करणार मग हिचं?” मी विचारलं.

“मी.”

“तुम्ही? तुमचा तर संबंध नाही. पाटी लागलीय घाटाच्या तोंडाशी! उलट संबंध नाही म्हणजे सुतकही नाही. परवा तुम्ही एकटे मोकळे आहात. हे बाकीचे आज ना उद्या अडकतीलच.” खरं सांगते, माझ्या मनात आलं होतं तसं. रागानं आलं होतं.

यांनी माझ्याकडे बघितलं. “तिनं मला वाढवलं, इंदू. पाटीनं नाही.”

आणि उठून न्हाव्याकडे गेले. केस, मिशा, सगळं उतरवून आले. काकूला खांदा दिला तो यांनी, माझ्या बाबांनी आणि माझ्या दोन भावांनी. कपिल्यांच्या गल्लीतून तिरडी गेली तेव्हा प्रत्येक घरात कशाचं ना कशाचं पारायण जोरात चाललं होतं. खिडक्या बंद. गावाला सगळं ठाऊक होतं, पण लॉजवाल्यांना, हारवाल्यांना, पेढेवाल्यांना अमावास्या हवी होती. कुणी कुणाला काही बोललं नाही.

अमावास्या उजाडली. घाट फुलून गेला होता. झाडून सारे कपिले ओट्यांवर, गळ्यात निळ्या फिती, समोर पत्रावळींवर भाताचे पिंड, वर कावळ्यांची गर्दी. हे काकूच्या अस्थी घेऊन निघाले. अंगावर ओला पंचा, डोक्याचा गोटा, हातात मातीचं मडकं. मी मागे होते. शेडग्यांनी यांच्याकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं आणि कठडा बाजूला केला. अस्थी घेऊन येणाऱ्याला कार्ड लागत नाही, तेवढं त्यांना कळत होतं.

चार पायऱ्या उतरतो न उतरतो तोच वरच्या ओट्यावरून अप्पा ओरडले. “अहो हवालदार! काय करताय? हाच तो! पाटीवरचा! डोकं भादरून वेषांतर करून आलाय!”

“अस्थी आहेत त्यांच्या हातात,” शेडगे म्हणाले.

“कुणाच्या? विचारा त्याला, कुणाच्या अस्थी आहेत!” एवढं बोलून अप्पांनी जीभ चावली. उत्तर मिळालं तर ऐकावं लागलं असतं! ते लगेच वळले. “विचारू नका! काही विचारू नका! आधी बाहेर काढा त्याला! नियम म्हणजे नियम. उद्या प्रत्येक भोंदू मडकं घेऊन येईल!”

यात्रेकरू बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, “अगं बाई, हाच तो फोटोतला.” एका बाईनं आपली पर्स पोटाशी धरली. आणि हे... हे काकूला छातीशी धरून परत पायऱ्या चढायला लागले.

तिथं माझं डोकं फिरलं. माणसाला घाटावरून हाकललंत, ठीक. मेलेल्या बाईलाही हाकलता? जिनं तुमच्या नाकावर टिच्चून जन्म काढला, तिला नदीसुद्धा मिळू देत नाही?

चौकीत माइक होता, हरवलेल्या माणसांसाठी. मी सरळ चौकीत गेले.

“हवालदार, मला जाहीर करायचंय.”

“काय हरवलं?”

“घरातलं माणूस.”

“नाव, वय सांगा, मी पुकारतो.”

“माझं मीच सांगते. मला रडू येईल, तुम्हाला समजायचं नाही.” आणि ते हो-नाही म्हणायच्या आत मी बटण दाबलं. चारही दिशांच्या कर्ण्यांतून खरखर झाली.

“यात्रेकरूंनी ऐकावं,” मी म्हणाले. आवाज इतका मोठा आला की मीच दचकले. “आणि कपिलघाटच्या कपिले उपाध्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावं. तुमच्या घरची थोरली सून, बयोकाकू कपिले, परवा सकाळी वारली. तिला अग्नी दिलाय तिचा पुतण्या मोरेश्वर यानं. समस्त कपिले भावकीला सुतक आहे. ज्यांच्या गळ्यात कार्ड आहे, त्यांना सगळ्यांना आहे. कार्डावर ‘कपिले’ लिहिलंय, वाचून बघा!”

पिंड देणारे हात जागीच थांबले.

मग खालच्या पायरीवरची एक लातूरकडची म्हातारी आपल्या गुरुजीला म्हणाली, “म्हाराज, तुमी कपिलेच न्हवं का?” गुरुजी म्हणजे आमचा श्रीपाद. तो म्हणाला, “छे छे, ते कपिले वेगळे.” म्हातारीनं नातवाला पुढं केलं. नातवानं श्रीपादच्या गळ्यातलं कार्ड उलटं होतं ते सुलटं केलं आणि मुंडावळ्यांसकट वाचून दाखवलं: “कपिले कुलोत्पन्न.” म्हातारीनं पिंडांचं ताट ओढून घेतलं. “सुतकी मानसाच्या हातनं माज्या मालकाला जेवू घालतोस व्हय रं?”

मग जी धांदल उडाली म्हणता! प्रत्येक ओट्यावर लोक वाकून वाकून कार्डं वाचायला लागले. एकानं घाईघाईनं फीत काढून कमरेला खोचली. तेवढ्यात शेडग्यांची शिट्टी वाजली.

“कार्ड कुठंय?”

“अहो, होतं ना आत्ता...”

“कार्ड नाही? बाहेर चला.”

त्यानं पुन्हा गळ्यात घातलं तर यजमान उठून गेले. काढलं तर शेडगे आले. कार्ड घाला, कार्ड काढा, असं घटकाभर चाललं. गॉगलवाला तर एका यात्रेकरूला सांगत होता, की हा फोटो माझा नव्हेच. शेडग्यांनी त्यालाही नियमाप्रमाणे बाहेर काढला.

अप्पा अजून ओट्यावर उभे होते. “मी ऐकलं नाही!” ते ओरडत होते. “माझ्या कानावर काही आलेलं नाही!” एवढ्या मोठ्यानं ओरडत होते, की ज्यांना माहीत नव्हतं त्यांनीही विचारून घेतलं, काय झालं म्हणून.

लोकांनी त्या दिवशी आपापलं केलं. नदीत उभे राहिले, ओंजळीनं तीळ-पाणी सोडलं, आजोबांचं नाव घेतलं, डोळे पुसले आणि घरी गेले. कुणाचे पितर तक्रार घेऊन आल्याचं ऐकिवात नाही.

आणि यांना लोकांनीच वाट करून दिली. शेडगे स्वतः पुढं चालले. पिंपळाखालच्या ओट्याशी हे थांबले, खाली उतरले आणि काकूला पाण्यात सोडलं.

सुतकाचे दिवस गेले. कपिल्यांच्या घरात त्या वर्षी नवरात्राचे घट बसले नाहीत. एकदा सगळ्यांच्या कानावर आलंच होतं, तेव्हा दहाव्या दिवशी क्षौर करणं आलं. पुढं-मागं कुणी केलं नाही म्हणायला नको, म्हणून एकूण एक कपिले नदीकाठच्या बाभळीखाली रांगेनं बसले. डोकी साफ, मिशा साफ. न्हाव्याचा हात दुखून आला.

अकराव्या दिवशी सकाळी सगळे गळ्यात फिती घालून रुबाबात घाटावर निघाले. मी आणि हे काकूच्या अकराव्याचं सामान घेऊन त्यांच्या मागेच होतो. कठड्यापाशी शेडगे उभे.

“कार्ड?”

अप्पांनी दाखवलं. शेडग्यांनी कार्डाकडे बघितलं. कुरळे केस, पिळदार मिशा. मग अप्पांकडे बघितलं. तुळतुळीत डोकं, ओठावर पांढरी पट्टी.

“हे तुम्ही नाही.”

“मी नाही म्हणजे? मी अध्यक्ष आहे! ही सही माझी आहे!”

“चेहरा जुळत नाही. तुमच्या बापालाही सोडायचं नाही असं तुम्हीच सांगितलंय.” शेडग्यांनी पुढचं कार्ड घेतलं, मुंडावळ्या बघितल्या, समोरचा गोटा बघितला. “हेही नाही.” मग गॉगल. मग बाकीचे. एकाही फोटोशी एकही डोकं जुळेना. मागे यात्रेकरूंची रांग लागली, पोरं हसायला लागली.

“अहो, गावात कुणालाही विचारा!” अप्पा रडकुंडीला आले होते.

“गाव मला ओळखीचं नाही,” शेडगे म्हणाले. मग मान वर करून त्यांनी मागं, आमच्याकडे बघितलं. “एकच चेहरा मला पाठ आहे. रोज हाकलत होतो ना. केस असले नसले तरी ओळखतो.” त्यांनी हात केला. “मोरेश्वर गुरुजी, पुढं या. तुम्ही ओळखता का या लोकांना? तुम्ही सांगाल त्याला सोडतो.”

सगळे गोटे एकदम वळले. एवढ्या वर्षांत त्या माणसांनी यांच्याकडे तोंड करून बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता म्हणावं यांनी, माझा कुणाशी संबंध नाही. चांगलं खणखणीत म्हणावं. माझ्या तोंडाशी आलं होतं.

हे पुढं गेले. “हा श्रीपाद. माझा चुलत भाऊ,” म्हणाले. “सोडा.” श्रीपाद खाली मान घालून आत गेला. “हे बंडूनाना, चुलत काका. हा गोविंदा, तो त्यांचा मुलगा. आमचाच.” एकेकाच्या खांद्याला हात लावत गेले, एकेक आत जात गेला. मी दात-ओठ खात उभी. देवानं या माणसाला राग द्यायचाच राहिला होता.

शेवटी अप्पा उरले.

“आणि हे?” शेडग्यांनी विचारलं. “हे तुमचे कोण?”

यांनी अप्पांच्या खांद्याकडे नेलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, “ते त्यांनाच विचारा. मी सांगितलेलं त्यांना चालत नाही.”

शेडगे अप्पांकडे वळले. अप्पांनी आत बघितलं, भाऊबंद आत उभे होते आणि एकजण पुढं येईना. बाहेर बघितलं, यात्रेकरू. बाजूला पाटी, तिच्यावर यांचा फोटो.

“पुतण्या,” अप्पा पुटपुटले. “माझा सख्खा पुतण्या आहे तो.”

शेडग्यांनी कठड्याला हात घातला.

“थांबा हवालदार,” मी म्हणाले. हातातलं पिंडांचं सामान मी खाली ठेवलं आणि दोन्ही कानांवर हात दाबले, अगदी अप्पांनी दाबले होते तसे. “मला ऐकू आलं नाही.”

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच, सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि मग तेच एवढ्या मोठ्यानं बोलले, की समोरच्या दुकानात माझ्या बापानं हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या आणि ते उठून उभे राहिले.